मिठाची पुडी किती दिवस पुरते

पंधरा वर्षांच्या मुलाचा रक्तदाब १३४/८४ निघाला की घरात आधी कुणाचा विश्वासच बसत नाही. या वयात कसलं बीपी, परीक्षेचं टेन्शन असेल, यंत्र बिघडलं असेल, असं म्हणत तो कागद कपाटात जातो. ही शंका अगदीच निराधार नाही. जिना चढून आल्या आल्या घेतलेला रक्तदाब चढाच असतो, पट्टा दंडाला अपुरा पडला तर आकडा फुगतो आणि डॉक्टर समोर आले की काहींची छाती धडधडू लागते. म्हणूनच अमेरिकन बालरोग अकादमीने २०१७ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वं एका मोजणीवर निदान करू देत नाहीत. मूल काही मिनिटं शांत बसलेलं हवं, पट्टा त्याच्या दंडाच्या मापाचा हवा आणि वेगवेगळ्या भेटींत तीनदा आकडा चढा निघायला हवा. शक्य असेल तिथे चोवीस तास मोजणारं यंत्र लावून खात्री करून घ्यायची. तेरा वर्षांपुढे हिशेब सोपा आहे. १२०/८० च्या आत असेल तर ठीक. वरचा आकडा १२० ते १२९ मध्ये आणि खालचा ८० च्या आत असेल तर उंबरठ्यावर. १३०/८० पासून पुढे उच्च रक्तदाब आणि १४०/९० पासून त्याचा दुसरा टप्पा. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०१९ साली मांडलेल्या अंदाजानुसार सुमारे ४ टक्के मुलांना उच्च रक्तदाब असतो आणि आणखी जवळपास १० टक्के उंबरठ्यावर असतात. म्हणजे पन्नास जणांच्या वर्गात दोघांना तो आहे आणि पाच जण त्याच्या वाटेवर आहेत. बहुतेकांना कसलाच त्रास होत नाही, त्यामुळे मोजल्याशिवाय कळतही नाही.

त्रास होत नसेल तर एवढी काळजी कशाला, याचं उत्तर आता चांगल्या पुराव्यानिशी देता येतं. अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलिया इथल्या दीर्घकालीन अभ्यासांतल्या ३८,५८९ जणांची माहिती २०२२ साली एकत्र तपासली गेली. लहानपणी किंवा किशोरवयात त्यांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन वगैरे मोजलेलं होतं, आणि सरासरी पस्तीस वर्षांनी त्यांच्यापैकी कुणाला हृदयविकार किंवा पक्षाघात झाला ते पाहिलं गेलं. लहानपणीचा वरचा आकडा जितका चढा, तितका मोठेपणीचा धोका अधिक, हे त्यात स्पष्ट दिसलं. धोका पुढे चाळिशीतच उभा राहतो असंही नाही. चढ्या दाबाविरुद्ध रोज रक्त ढकलून काही मुलांच्या हृदयाची डावी भिंत किशोरवयातच जाड झालेली सोनोग्राफीत दिसते.

दुसरा गैरसमज असा, की हा जाड मुलांचा आजार आहे. लठ्ठपणा हे मोठं कारण आहे यात वाद नाही. लठ्ठ मुलांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण इतरांच्या साधारण तिप्पट आढळतं. पण आपल्याकडे वजनकाट्यावर विसंबून चालत नाही, आणि हे पुण्यातल्या संशोधनानेच दाखवलं आहे. केईएम रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांची त्यांच्या आठव्या वर्षी तपासणी झाली आणि १९९९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सध्याचं वजन जमेस धरलं तरी, जन्मतः ज्यांचं वजन कमी होतं त्यांचा वरचा रक्तदाब अधिक होता आणि इन्सुलिनचे आकडेही वाईट होते. पुण्यातलेच संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जे मांडलं, की भारतीय मूल अंगाने बारीक दिसत असलं तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं, त्याचा अर्थ पालकांनी नीट समजून घ्यावा. मुलगा काटकुळा आहे, म्हणून त्याचं बीपी मोजायची गरज नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

आता आहाराकडे वळण्याआधी एक अट. मूल जितकं लहान आणि आकडा जितका मोठा, तितकी मूत्रपिंडाच्या, त्याच्या रक्तवाहिनीच्या किंवा एखाद्या ग्रंथीच्या विकाराची शक्यता जास्त. तो विकार आमटीतलं मीठ कमी करून बरा होत नाही. म्हणून आधी डॉक्टर, लघवीची आणि रक्ताची तपासणी, आणि मग स्वयंपाकघर. किशोरवयातली बहुतेक प्रकरणं मात्र अशा ठळक कारणाशिवायची असतात. आनुवंशिकता, वजन, बैठेपणा, अपुरी झोप आणि आहार यांच्या मिश्रणातून ती तयार होतात आणि त्यांत पहिला उपचार आहाराचाच असतो.

नेमकी इथेच आपल्या घरांत एक चुकीची वाट धरली जाते. आजोबांना बीपी निघालं तेव्हा जे केलं, तेच नातवासाठी केलं जातं: त्याचं वेगळं काढा. त्याची आमटी मीठ घालण्याआधी बाजूला काढायची, त्याला पापड-लोणचं वाढायचं नाही, आणि बाकीच्यांनी त्याच्याच समोर शेव भुरभुरून मिसळ खायची. आजोबा हे निमूटपणे सोसतात. पंधरा वर्षांचा मुलगा सोसत नाही आणि त्याने सोसावं अशी अपेक्षाही रास्त नाही. इतरांपासून वेगळं पडणं ही या वयातली सर्वांत मोठी शिक्षा असते. त्यातून मधल्या सुट्टीत वडापाव, क्लासहून येताना चायनीज आणि घरी आल्यावर 'भूक नाही' हे चक्र सुरू होतं, आणि मग पथ्य पाळत नाही म्हणून त्यालाच बोलणी बसतात. किशोरवयीन मुलाच्या रक्तदाबावरचा आहारोपचार त्याच्या एकट्याच्या ताटात होऊच शकत नाही, तो घराच्या पातेल्यात व्हावा लागतो, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे. ते भावनेवर आधारलेलं नाही. त्यामागे प्रयोगांचा आधार आहे आणि तो पाहण्याजोगा आहे.

आधी मीठ नक्की करतं काय ते पाहू. मिठाचा ४० टक्के भाग सोडियम असतो. रक्तात सोडियम वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि ते जादा सोडियम बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडाला चढ्या दाबाची मदत घ्यावी लागते. शिवाय रक्तवाहिन्यांची सैलावण्याची क्षमताही मंदावते. शरीराला रोज लागणारं सोडियम जेमतेम अर्धा ग्रॅम, तेही वरच्या बाजूने धरून. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ठरवलेली मर्यादा दिवसाला २ ग्रॅम सोडियमची, म्हणजे ५ ग्रॅम मिठाची आहे, आणि लहान मुलांसाठी त्यांच्या आहाराच्या प्रमाणात त्याहून कमी. भारतातल्या राष्ट्रीय पाहणीत मोठ्यांचं सरासरी मीठ दिवसाला ८ ग्रॅमच्या आसपास भरलं.

हे ग्रॅम डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून एक सोपी मोजणी करून पाहावी. चौघांच्या घरात प्रत्येकी ५ ग्रॅम म्हटलं तर दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोची मिठाची पुडी पन्नास दिवस पुरायला हवी. तीसुद्धा बाहेरचं काहीही न खाता. पुडी फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवावी. महिन्याच्या किराणा यादीत दर वेळी एक किलो मीठ असेल, तर ते घर राष्ट्रीय सरासरीच्या घरात बसतं, म्हणजे मर्यादेच्या दीडपटीहून वर. लोणच्याला आणि भाजी धुवायला गेलेलं मीठ वजा केलं तरी हा अंदाज फार चुकत नाही. मुलावर नजर ठेवण्यापेक्षा पुडीवर नजर ठेवणं सोपं आहे, आणि त्यात कुणाचा अपमानही होत नाही.

मग ते मीठ जातं कुठे? पाश्चात्त्य देशांत बहुतांश मीठ पाव, चीज आणि तयार पदार्थांतून येतं. आपल्याकडे मोठा वाटा अजूनही घरच्या फोडणीचा आहे. म्हणून 'आमच्याकडे बाहेरचं काही येत नाही, सगळं घरचंच' हा दिलासा अपुरा आहे. सकाळच्या पोह्यांत मीठ, डब्यातल्या पोळीच्या कणकेत मीठ, भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत, भाताच्या पाण्यातही काही घरांत मीठ, आणि एवढं करून ताटात वरच्या बाजूला लिंबाशेजारी वाढलेलं मीठ वेगळंच. घरच्या पापडाला हात लावताना कुणाला अपराधी वाटत नाही, पण एका पापडात सोडियम २०० मिलिग्रामच्या आसपास असतं. ते फक्त मिठाचं नसतं, पापडखाराचंही असतं, आणि खाराची चव खारट लागत नाही म्हणून ते लक्षात येत नाही. तीच गोष्ट खाण्याच्या सोड्याची: चमचाभर सोड्यात सुमारे १२०० मिलिग्राम सोडियम असतं, आणि ढोकळा, भजी, खारी यांत तो मुक्तहस्ते पडतो. कुरडया, सांडगे, भरली मिरची, कोकणातला खारवलेला बांगडा हे सगळे टिकवण्याचे पदार्थ आहेत, आणि टिकवायचं तर मीठ लागतंच. यांवर बंदी घालावी असं मी म्हणणार नाही. सणाला किंवा आठवड्यातून एकदा खाण्याचे पदार्थ रोजच्या ताटात आले, हा खरा बदल आहे. त्यात भर म्हणून संध्याकाळची नूडल्सची पुडी आली: एका पुडीत साधारण ७०० ते १००० मिलिग्राम सोडियम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा तिसरा हिस्सा ते निम्मा वाटा एका वाडग्यात.

आता प्रयोगांकडे. अमेरिकेतल्या एक्झिटर आणि अँडोव्हर या दोन निवासी शाळांत १९८० च्या दशकात एक साधा पण हुशारीचा प्रयोग झाला. मुलांना कसलंही पथ्य सांगितलं नाही, व्याख्यान दिलं नाही. बदल भटारखान्यात केला: एका वर्षी एका शाळेच्या आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेच्या स्वयंपाकात मीठ आणि खारट पदार्थ कमी वापरले. मुलांच्या पोटात जाणारं सोडियम १५ ते २० टक्क्यांनी घटलं, आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वरचा रक्तदाब सरासरी १.७ आणि खालचा १.५ मिलिमीटरने उतरला. मीठ शिंपडायला टेबलावर होतंच. तरीही वजाबाकी टिकली. किशोरवयीन मुलांचा निर्धार, समजूतदारपणा, शिस्त यांतल्या कशाचीही परीक्षा न घेता त्यांचा रक्तदाब उतरला, कारण ती परीक्षा स्वयंपाक्याने दिली. ज्या घरात मुलाला रोज 'नको खाऊस' सांगावं लागतं, त्या घरातल्या मोठ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

यावर सरळ आक्षेप असा, की १.७ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. १३४ चा १३२ झाला तर मुलगा बरा झाला का? मुलांवरच्या दहा चाचण्या एकत्र करून २००६ साली जो हिशेब झाला, त्यातही मीठ सुमारे ४२ टक्के कमी केल्यावर वरचा आकडा सरासरी १.२ मिलिमीटरच उतरला. आक्षेप टाळण्यासारखा नाही. त्याला दोन उत्तरं आहेत. पहिलं, या चाचण्यांतली बहुतेक मुलं निरोगी होती; ज्यांचा दाब मुळात चढा नाही त्यांचा फार उतरणारही नाही. मोठ्यांवरच्या प्रयोगांत चढ्या दाबाच्या लोकांना फायदा अधिक झालेला वारंवार दिसतो. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे: नुसतं मीठ ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी कमी करण्याची नसून वाढवण्याची आहे, आणि पथ्याच्या नादात तीच मागे पडते.

१९९७ साली अमेरिकेत 'डॅश' नावाने प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५९ प्रौढांना आठ आठवडे तयार जेवण दिलं गेलं. एका गटाला नेहमीचा अमेरिकन आहार, एकाला भरपूर फळं-भाज्या, आणि एकाला फळं-भाज्यांबरोबर कमी स्निग्धांशाचं दूध-दही, डाळी, दाणे आणि कोंड्यासकट धान्यं. तिन्ही गटांचं मीठ सारखंच ठेवलं होतं आणि कुणाचं वजन घटू दिलं नव्हतं. तरीही तिसऱ्या गटातल्या उच्च रक्तदाबाच्या लोकांचा वरचा आकडा नेहमीचं खाणाऱ्यांच्या तुलनेत ११.४ मिलिमीटरने उतरला. एका औषधाच्या गोळीइतका हा परिणाम आहे. २००१ सालच्या पुढच्या चाचणीत याच आहारात मीठही कमी केलं, तेव्हा दाब आणखी खाली आला. यामागचं एक मुख्य कारण पोटॅशियम: ते मूत्रपिंडाला सोडियम बाहेर टाकायला मदत करतं आणि रक्तवाहिन्या सैल ठेवतं. किशोरवयीन मुलांवर हा आहार सिनसिनाटीत तपासला गेला. चढ्या दाबाच्या ५७ मुलांपैकी काहींना तीन महिने या आहाराचं मार्गदर्शन आणि फोनवरून पाठपुरावा मिळाला, बाकीच्यांना नेहमीचा सल्ला. २००८ साली आलेल्या निष्कर्षांत पहिल्या गटाचा वरचा दाब स्पष्टपणे अधिक उतरलेला होता, आणि त्यांच्या खाण्यात फळं, पोटॅशियम, मॅग्नेशियम वाढलेलं होतं. अभ्यास लहान आहे, आणि घरी स्वतः निवडून खाल्लेल्या जेवणाचा परिणाम प्रयोगशाळेतल्या जेवणाइतका मोठा नसतो. पण दिशा तीच आहे.

'डॅश' हे नाव परकं वाटलं तरी त्यातला माल आपल्या मंडईतलाच आहे. मुगाच्या, मटकीच्या, चवळीच्या उसळी, तुरीचं वरण, पालक-मेथी-माठ, राजगिऱ्याची पालेभाजी, रताळं, केळं, पेरू, शहाळं, न खारवलेले दाणे, साधं ताक. वाळक्या डाळींत पोटॅशियम भरपूर असतं, आणि केळ्यापेक्षा वाटीभर घट्ट वरण या कामी कमी पडत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी तर पुष्कळ घरांत पीठ नुसत्या पाण्यात मळूनच थापली जाते. पावाच्या दोन कापांतून जे अडीचशे मिलिग्राम सोडियम येतं, ते इथे नाही. अडचण भाकरीची नसते, तिच्याबरोबरच्या ठेच्याची असते. फळं महाग पडतात, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि सफरचंद-किवीचे सल्ले देणाऱ्यांनी तो ऐकायला हवा. पण हंगामातला पेरू, केळं, बोरं, जांभळं, पपई आणि मोड आलेली कडधान्यं यांचा खर्च वेफर्स आणि कोल्ड्रिंकच्या खर्चापेक्षा वर जात नाही. आणि मुलाला 'हे बंद' सांगण्यापेक्षा शाळेतून आल्या आल्या समोर चिरलेला पेरू आणि उकडलेले दाणे ठेवणं हे कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त काम करतं. सोळा वर्षांचं मूल भुकेच्या वेळी हाताला येईल ते खातं. घरात काय हाताला येईल, ते मोठे ठरवतात.

कोल्ड्रिंकचा उल्लेख आला तर त्याचा मिठाशी असलेला संबंधही सांगायला हवा. ब्रिटनमधल्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांच्या आहाराच्या नोंदी तपासून २००८ साली असं मांडलं गेलं, की मुलांच्या मिठात दिवसाला १ ग्रॅमचा फरक असेल तर साखरेच्या पेयांत सरासरी २७ ग्रॅमचा फरक दिसतो. खारट खाल्लं की तहान लागते, आणि हाताशी बाटली असेल तर ती तहान साखरेने भागते. साखरेच्या पेयांनी वजन वाढतं, आणि अमेरिकन किशोरांच्या पाहणीत ही पेयं जास्त पिणाऱ्यांचं रक्तातलं यूरिक ॲसिड आणि वरचा रक्तदाब दोन्ही जास्त आढळले. म्हणजे वेफर्सची पिशवी दोन बाजूंनी दाब वाढवते. एनर्जी ड्रिंकमध्ये यावर कॅफिनही आलं. रक्तदाब चढा असलेल्या मुलाने ते पिऊच नये, यात मला मधला मार्ग दिसत नाही.

यानंतर येतो घरोघरचा सर्वांत आग्रही आक्षेप: मुलं खेळतात, घाम येतो, त्यांना मीठ लागतं. लिटरभर घामातून साधारण अर्धा ते पावणेदोन ग्रॅम सोडियम जातं, हे खरं. पण संध्याकाळी तासभर कबड्डी किंवा फुटबॉल खेळून आलेल्या मुलाचं जे गेलं, ते रात्रीच्या जेवणातून सहज परत येतं, आणि उन्हाची सवय झालेल्या शरीराच्या घामात सोडियम कमी असतं. ज्याला चढा रक्तदाब आहे त्याला घामापोटी जादा मीठ देण्याची गरज नाही, पाणी द्यावं. विदर्भातल्या मे महिन्यात रोज तीन-तीन तास सराव करणाऱ्या खेळाडूची गोष्ट वेगळी. त्याने डॉक्टरांना विचारून ठरवावं. दुसरा आग्रह सैंधवाचा असतो. साधं मीठ वाईट, शेंदेलोण-पादेलोण चांगलं, असं सर्रास सांगितलं जातं. रंग आणि वास कसाही असो, सैंधवही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं, रक्तदाबावरचा त्याचा परिणाम तोच, आणि त्यात आयोडीन मात्र बहुधा घातलेलं नसतं. वाढत्या वयात आयोडीन बुडवून रक्तदाबाचा फायदा शून्य, असा हा व्यवहार आहे. साधं आयोडीनयुक्त मीठच वापरावं, फक्त कमी.

'अळणी जेवण मुलं खाणारच नाहीत' हा आक्षेप उरतो, आणि तो चवीचा असल्याने सर्वांत खरा वाटतो. पण खारटपणाची आवड स्थिर नसते. फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी १९८२ साली दाखवलं, की पाच महिने कमी मिठाचं जेवलेल्या तरुणांना सूप आणि बिस्किटांत पूर्वीपेक्षा कमी मीठच चांगलं लागू लागलं. आधीचं प्रमाण त्यांना जास्त वाटू लागलं. अट एवढीच, की सगळं जेवण एकाच वेळी बदललं पाहिजे. दुपारी अळणी आणि रात्री शेव-फरसाण असं असेल तर जीभ जुन्याच मापावर राहते. वेगळ्या ताटाची पद्धत फसण्याचं आणखी एक कारण हेच आहे. घरात हे हळूहळू करता येतं: पातेल्यातल्या चमच्यापैकी आधी पाव चमचा कमी, महिन्याभराने आणखी पाव. चिंच, आमसूल, लिंबू, कैरी, ताजं खोबरं, कोथिंबीर, भाजलेले जिरे, लसणाची फोडणी यांनी तोंडाला चव राहते, आणि आंबटपणा मिठाची उणीव झाकतो. कोशिंबिरीत मीठ आधी घातलं तर ते पाण्याबरोबर आत मुरतं आणि पुन्हा घालावं लागतं. अगदी वाढताना वरून चिमूटभर घातलं तर थोडक्यात भागतं. कणकेतलं मीठ बंद केलं तर भाजीबरोबर खाताना बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. लोणचं बरणीतून थेट पानात न वाढता चमचाभर वाटीत काढून चौघांत ठेवावं. पाकिटावरचा सोडियमचा आकडा वाचायचं काम मुलालाच द्यावं. दर १०० ग्रॅममागे किती आणि पिशवी किती ग्रॅमची, एवढा त्रैराशिकाचा हिशेब आठवीच्या मुलाला येतो.

मुलाला हे काम देणं म्हणजे नुसतं त्याचं मन राखणं नाही. उत्तर चीनमधल्या शान्शी प्रांतात छांगझ शहरातल्या २८ प्राथमिक शाळांत २०१३ साली एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या पाचवीच्या मुलांना आरोग्याच्या तासाला मिठाबद्दल शिकवलं, आणि ते घरी जाऊन सांगायचा गृहपाठ दिला. साडेतीन महिन्यांनी लघवीतलं सोडियम मोजलं, तेव्हा दुसऱ्या शाळांच्या तुलनेत मुलांचं मीठ दिवसाला १.९ ग्रॅमने आणि घरच्या मोठ्यांचं २.९ ग्रॅमने कमी झालेलं होतं. मोठ्यांचा वरचा रक्तदाब २.३ मिलिमीटरने उतरला. मुलांचा ०.८ ने उतरला, जो इतका लहान आहे की योगायोगही असू शकेल. दहा वर्षांच्या निरोगी मुलांकडून याहून मोठी अपेक्षा नव्हती. पण मुलांनी ज्या घरांत ही गोष्ट नेली, तिथे आई-वडील आणि आजी-आजोबांनी ती ऐकली. ज्या मुलाचा रक्तदाब चढा आहे त्याच्या घरात आई, वडील किंवा आजी यांपैकी कुणाचा तरी तो चढा असण्याची शक्यता मोठी असते. त्याच्या निमित्ताने पातेल्यातलं मीठ कमी झालं तर त्या सगळ्यांवरच उपचार सुरू होतात, आणि 'माझ्यामुळे सगळ्यांना अळणी खावं लागतंय' हे ओझंही मुलावर राहत नाही.

या सगळ्यात एक धोका आहे आणि तो जपून टाळायला हवा. वाढीच्या वयात, विशेषतः मुलींच्या बाबतीत, 'डाएट' हा विषय फार चटकन उपाशी राहण्याकडे वळतो. रक्तदाबासाठी जेवण टाळायचं नाही, भात-पोळी बंद करायची नाही, रोज वजनकाट्यावर उभं करायचं नाही. वजन जास्त असलेल्या वाढत्या मुलाचं वजन स्थिर राहून उंची वाढली तरी पुष्कळ साधतं. टोमणे तर नकोतच. जाड म्हणून हिणवलेली मुलं लपून जास्त खातात. आहाराबरोबर रोजचा तासभर खेळ आणि पुरेशी झोप हवी, हे सांगून पुढे जातो, कारण तो दुसऱ्या प्रकरणाचा विषय आहे.

घराबाहेर मात्र पालकांचा हात पोचत नाही, आणि तिथे शाळेची जबाबदारी सुरू होते. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांत जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकायला मनाई केली, आणि केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी तशी मनाई शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत नेली. नियम चांगले आहेत; पालकसभेत ते वाचून दाखवून आपल्या शाळेत काय विकलं जातं हे विचारणं हा पालकांचा हक्क आहे आणि तो त्यांनी बजावावा. एक्झिटर-अँडोव्हरमध्ये भटारखान्याने जे केलं, ते इथल्या वसतिगृहांच्या मेसला आणि आश्रमशाळांच्या स्वयंपाकघरांनाही जमण्यासारखं आहे.

राहिला प्रश्न किती वाट पाहायची याचा. उंबरठ्यावरच्या मुलाला आहारात बदल करून सहा महिन्यांनी पुन्हा मोजावं. पहिल्या टप्प्यातल्या, त्रास नसलेल्या मुलाची पुन्हा मोजणी एक-दोन आठवड्यांत आणि मग तीन महिन्यांत व्हावी. सहा महिने मनापासून प्रयत्न करूनही आकडा उतरला नाही, दाब दुसऱ्या टप्प्यात असला, हृदयाची भिंत जाडावलेली दिसली, किंवा मधुमेह वा मूत्रपिंडाचा आजार असला, तर गोळी सुरू करावी लागते आणि ती घेण्यात आहाराचा पराभव नाही. गोळी सुरू झाली तरी पातेल्यातलं मीठ कमीच ठेवायचं असतं. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ मोठ्यांच्या बाबतीत उपयुक्त ठरलं आहे. चीनमधल्या सहाशे खेड्यांत, चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेल्या अशा मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ साली दिसून आलं. पण ते आपल्या मनाने मुलाच्या जेवणात आणू नये. मूत्रपिंड नीट काम करत नसेल, किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि किशोरवयातल्या उच्च रक्तदाबामागे मूत्रपिंड असण्याची शक्यता मोठ्यांपेक्षा जास्त असते. मूत्रपिंडाची तपासणी ठीक आल्यावर, डॉक्टरांना पाकीट दाखवून, मगच ती पुडी घरात आणावी.